पाणी ओसरल्यावर कोणाकडे जायचं?

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई किती टक्के झाली, पंप किती लावले याच्या बातम्या येतात, पण पाणी घरात शिरून ओसरल्यावर पुढे काय, यावर कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी मुंबईत कुर्ल्याला राहते, मिठी नदीपासून जवळच. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठी ३.९ मीटरपर्यंत चढली तेव्हा क्रांतीनगरमधल्या शेकडो लोकांना महापालिकेच्या शाळेत हलवलं. ते काम चांगलंच झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. खरी वणवण नंतर सुरू होते. गाद्या, धान्य, फ्रीज, मुलांची पुस्तकं सगळं चिखलात, आणि पंचनामा महसूल खात्याचा, म्हणजे तलाठी आणि तहसीलदार, कचरा आणि फवारणी महापालिकेची, त्यामुळे माणूस एका ऑफिसातून दुसऱ्यात फिरत राहतो. तलाठी येईपर्यंत लोकांनी घर धुऊन काढलेलं असतं (लहान मुलं घेऊन चिखलात किती दिवस बसणार?), मग नुकसान दाखवायचं कसं? भाडेकरूंचे तर आणखी हाल, कागद मालकाच्या नावावर आणि सामान गेलं यांचं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढा फरक, म्हणजे कुठल्या गल्लीत काय गेलं ते वॉर्डातल्या माणसालाच कळणार. पाणी उतरल्यावर लेप्टोने (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) माणसं गेली ती वेगळीच. त्यानंतर पुराची कारणं शोधायला चितळे समिती झाली, मिठीसाठी प्राधिकरण झालं, पंपिंग स्टेशनं आली, सगळं गरजेचंच होतं, पण ते पाणी काढायचं काम. बुडालेला संसार परत उभा करायची जबाबदारी कोणाची ते आजही सामान्य माणसाला सांगता येत नाही.

सुरतेचं बघा. १९९४ ला पूर आणि मग प्लेग, लाखो लोक शहर सोडून पळाले. १९९५ ला आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी झोनच्या अधिकाऱ्यांना निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले आणि रोज रस्त्यावर उतरायला लावलं, दोनेक वर्षात तेच सुरत स्वच्छ शहरांच्या यादीत वर गेलं. आपल्याकडे मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडावं तो नगरसेवक पण तेव्हा नव्हता!

माझं म्हणणं एवढंच आहे की सहाय्यक आयुक्तांच्या हाताखाली प्रत्येक वॉर्डात यासाठी एकच टेबल ठेवा. पाणी ओसरल्यापासून ४८ तासात तलाठी, महापालिकेचा इंजिनिअर आणि आरोग्यसेविका एकत्र गल्लीत येऊ देत, लेप्टोच्या गोळ्या पण तेव्हाच द्या. मोबाईलवर काढलेले फोटो पुरावा म्हणून धरा, भाडेकरूसाठी शेजारच्या दोघांची सही पुरेशी माना. आणि पंचनाम्याची यादी वॉर्ड ऑफिसच्या बाहेर लावा, नाव राहिलं असेल तर माणूस तिथल्या तिथे हरकत घेईल, त्याला महिन्याभराने कळून काय उपयोग?

आपली,
एक वाचक, कुर्ला (पश्चिम)