दहशूरमध्ये भेटलेल्यांचे आभार

गिझाची गर्दी नको म्हणून आईला घेऊन कैरोच्या दक्षिणेला दहशूरला गेलो. स्नेफेरू राजाचे दोन मोठे पिरॅमिड तिथे आहेत, आणि प्रवासी मोजकेच. लाल पिरॅमिडचं दार जमिनीपासून सुमारे २८ मीटर वर. तिथून आत ६० मीटरहून लांब उतार, तोही इतका बुटका की कंबरेत वाकूनच उतरायचं. मध्येच आईचे गुडघे अडले. मागून येणाऱ्या एका बाईंनी तिची पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि पाठमोरं होऊन लाकडी पट्ट्यांवर पाऊल कसं रोवायचं ते करून दाखवलं. भाषा एकही जुळत नव्हती! खालच्या दालनात अमोनियाचा उग्र दर्प. पण मान वर केली की थरागणिक आत सरकत मिटत गेलेलं दगडी छत. आई वास विसरली.

वर आल्यावर पहारेकरी काकांनी तिला सावलीत बसवून चहा दिला, बक्षीस मात्र घेतलं नाही (तिकडे हे नवलच). टॅक्सीवाले दादाही न कुरकुरता थांबले, म्हणून बाजूंचा चढ ५४ अंशांवरून मध्येच ४३ वर आलेला वाकडा पिरॅमिडही निवांत पाहता आला.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आईचे गुडघे ठीक आहेत. आता तिला मैदूमच्या पिरॅमिडलाही जायचंय.