नुसती मलमाची ट्यूब लावून भागणार नाही

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विषय टाळतोस, म्हणून लिहितोय. तुझ्या बोटांच्या बेचक्यांत उठलंय ते घामोळं नाही. दिवाळीच्या सुट्टीत हात पार निवळले होते. चाकणला कामावर रुजू झालास आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा खाज सुटली, पापण्याही सुजल्या. मला तरी संशय इपॉक्सीच्या रेझिन-हार्डनरचाच, म्हणजे त्या चिकट द्रवाचा आणि तो घट्ट करणाऱ्या रसायनाचाच येतो.

"वर्षभर हेच काम करतोय, आत्ताच कसं?" असं तू विचारलंस. ही ॲलर्जी अशीच असते रे. शरीर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं सोसतं. एकदा का त्याने तो पदार्थ हेरला, की मग थेंबही पुरतो. तेही लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं, म्हणून कारण हाती लागत नाही. आणि एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. माझा जीव त्यासाठीच खालीवर होतोय. भोसरीला आमच्या प्लेटिंग खात्यात एकाने निकेलचा असाच त्रास अंगावर काढला. शेवटी बोटं इतकी फाटली की त्याला शर्टाची बटणं लावता येईनात.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबमध्ये बहुतेक स्टेरॉइड असणार. लाली दबते आणि तू पुन्हा त्याच कामाला हात घालतोस. थिनरने हात पुसणं तर आजपासून बंद. कातडीवरचं तेल जातं आणि रसायनाला आत शिरायला वाट मिळते. लेटेक्सचे पातळ हातमोजे इपॉक्सीला अडवत नाहीत. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे माग, आणि रेझिन लागलं की बदल.

तुझं ईएसआय म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे. मोहननगरच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन पॅच टेस्टबद्दल विचारू. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, मग एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ बघतात. सुई टोचत नाहीत. डब्यांवरची नावं उतरवून घे, सुपरवायझरकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनात काय आहे आणि त्याचा धोका काय ते सांगणारा कागद, माग.

नोकरी जाईल म्हणून गप्प राहू नकोस. रसायनांमुळे होणारा हा त्वचेचा आजार 1948 च्या कारखाने कायद्यानेच सरकारला कळवायच्या आजारांत घातला होता. तू फुकटची सवलत मागत नाहीस, ओल्या रेझिनपासून लांबचं काम मागतोयस.

सुट्टी कधी आहे ते कळव. मी हडपसरहून बसने चिंचवडला येतो. ती ट्यूबही आण, डॉक्टरांना दाखवू.

तुझे बाबा