सही मराठीत घेतली, निकालही मराठीत सांगा

आदरणीय संपादक महोदय,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाची बातमी होती. खाली पदवी मिळालेल्यांची नावे आणि त्यांच्या प्रबंधांचे विषय दिले होते. भौतिकशास्त्र, अन्नविज्ञान, गणित, शस्त्रक्रिया, भाषाविज्ञान. ती यादी मी शेवटच्या नावापर्यंत वाचली, कारण ग्रंथालयातल्या नोकरीची ३१ वर्षे मी असेच प्रबंध दाखल नोंदवहीत चढवत आलो. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरे. शिक्का मारायचा, वर्गांक लिहायचा, कपाटात लावायचा. त्यातले बरेचसे माझ्या निवृत्तीपर्यंत पुन्हा कुणी मागितलेच नाहीत.

पत्र लिहिण्याचे कारण माझ्या स्वतःच्या पोटाशी आहे. सहा वर्षांपूर्वी मला हर्निया झाला. एका रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी एक तरुण निवासी डॉक्टर खाटेपाशी येऊन बसला. एम.एस.च्या प्रबंधासाठी तो दोन पद्धतींची तुलना करत होता. एकीत सैल पडलेल्या जागी कृत्रिम जाळी बसवतात. दुसरी पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची, तिच्यात जाळी न घालता पोटाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून ती जागा बळकट करतात. मुलाने सगळे छान समजावून सांगितले. माहितीपत्रक मराठीत, संमतीपत्र मराठीत. संशोधनात भाग घेणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत माहिती द्यायची, हा आपल्याकडचा नियमच आहे आणि तो फार चांगला आहे. मी सही केली. माझ्या वाट्याला जाळी आली. पुढे तीनदा तपासणीला गेलो. दुखते का, किती दुखते, जिना चढता येतो का, कामावर कधी रुजू झालात. त्यांनी विचारले ते सगळे मनापासून सांगितले.

शेवटी निष्कर्ष काय निघाला, ते मात्र मला कुणीच कळवले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की प्रबंध सादर झाला, तो इंग्रजीत आहे आणि डॉक्टर आता दुसऱ्या गावी आहेत. मी निदान ग्रंथालयातला माणूस, विचारायला कुठे जायचे ते मला माहीत होते. माझ्या शेजारच्या खाटेवर बाजार समितीतला एक हमाल होता. ओझे पुन्हा कधी उचलू शकेन, एवढाच त्याचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्याच प्रबंधात कुठेतरी होते.

म्हणून माझी एकच मागणी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत सादर होणाऱ्या प्रत्येक प्रबंधाला दोन पानांचा मराठी गोषवारा जोडणे सक्तीचे करावे. प्रश्न काय होता, तो कसा तपासला, काय सापडले, काय सापडले नाही. मार्गदर्शकांनी तो वाचून सही करावी आणि जिथून माणसे, धान्य, शब्द किंवा जमीन घेतली, तिथे त्याची एक प्रत पोचावी.

भाषाविज्ञानाच्या बाबतीत हे मला फार जाणवले. एकदा एक गृहस्थ ग्रंथालयात आले. आमच्या गावच्या बोलीवर एका बाईंनी पुस्तक केले आहे, माझ्या आईला तीन दिवस बोलते केले होते, असे सांगू लागले. प्रबंध काढून दिला. आईची वाक्ये त्यात होती, पण उच्चार दाखवणाऱ्या खुणांच्या लिपीत आणि खाली इंग्रजी विवेचन. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांनी पाने उलटली, एका वाक्यावर बोट ठेवले आणि मला विचारले, इथे ती काय म्हणते? मला ते वाचता येत नव्हते. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. हे वेगळ्या तऱ्हेनेही करता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आणि ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर सर्वांना ऐकण्यासाठी ठेवली. बोलणाऱ्याचा आवाज तिथे त्याच्या मुलाबाळांना ऐकू येतो.

मराठीत सांगितले तर संशोधन उथळ होते, असे मला पूर्वी एका प्राध्यापकांनी ऐकवले होते. मला ते मुळीच पटत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला. तो त्यांनी भांडून मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईत त्यांनी नीरा, डाळी अशा आपल्या रोजच्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांवर काम केले आणि आहाराविषयी मराठीतही लिहिले. त्यांचे विज्ञान त्यामुळे कुठे उणे पडले? डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. मग उत्तर त्यांच्या सहीनिशी येई.

गणिताचे मराठीत काय सांगणार, असे कुणी म्हणेल. आमच्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा शोध मी नातीला भाजी निवडता निवडता सांगितला. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथे गाडी थांबते, कारण ६१७४ चे उत्तर पुन्हा ६१७४ च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच पोचते. नातीने वहीची चार पाने भरून काढली. सगळे गणित इतके सोपे नसते, हे मान्य. पण आपण नेमके कोणते कोडे सोडवत बसलो होतो, एवढे तर सांगता येईल?

नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. आकाशातून येणारे क्षीण संकेत गोंगाटात हरवू नयेत म्हणून त्या परिसरात उद्योगांवर बंधने आहेत. ती तिथल्या गावांनी पाळायची, तर आकाशातून काय ऐकू आले ते कळण्याचा पहिला हक्क त्यांचाच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांची मुले लोटतात, शास्त्रज्ञ त्यांच्याशी मराठीत बोलतात. हेच वर्षभर कागदावर का होऊ नये?

लिहून न ठेवल्याने काय जाते, याचे उदाहरण पुण्याजवळचेच आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एकाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये ही हकिगत चित्रासह लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातल्या पुढच्या प्लास्टिक सर्जरीला यातून मोठी चालना मिळाली. रुग्णाचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कार्प्यूचेही. ज्याच्या हातात ती कला होती, त्याचे नाव त्या हकिगतीत नाही आणि त्याच्या स्वतःच्या भाषेतला त्याचा एक शब्दही उरलेला नाही.

अडचणी सांगितल्या जातील. प्रतिशब्द नाहीत म्हणतील, पण भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, आणि जिथे शब्द अवघड वाटेल तिथे प्रोटीन किंवा फोटॉन सरळ देवनागरीत लिहावे. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला वर्गमित्राने मदत करावी. पीएच.डी.चे बरेच प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर घरबसल्या उघडता येतात. त्यांच्यासोबत ही दोन पानेही तिथे चढवता येतील. त्याला पैसा लागत नाही. तपासायला माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल आणि शिक्षक गावोगाव आहेत. मी विनामोबदला हे काम करायला तयार आहे.

माझ्या धाकट्या भावालाही आता हर्निया निघाला आहे. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. जाळी बसवून घेऊ की नको, असे तो मला विचारतो. त्या अभ्यासात मी स्वतः होतो, तरी मला त्याला काही सांगता येत नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, नाशिक