डाटा सेंटरच्या कूलिंगचा हिशोब पण छापा

संपादकसाहेब, नवी मुंबईच्या ऐरोली-महापे भागात डाटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचा डाटा सांभाळणाऱ्या मशीनांच्या इमारती, वाढतायत, बातम्या मात्र फक्त गुंतवणुकीच्या, ती मशीनं थंड ठेवायला वीज किती जाते हे कुणी विचारतच नाही. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने 2016 मध्येच गूगलच्या डाटा सेंटरमधल्या सेन्सरचा जुना डाटा, म्हणजे तापमान, पंपाचा स्पीड वगैरे, शिकवून पुढच्या तासाभरातल्या तापमानाचा अंदाज बांधणारी सिस्टिम केली, कूलिंगची वीज 40 टक्क्यांपर्यंत वाचली, आणि 2018 मध्ये तर ती दर 5 मिनिटांनी रीडिंग घेऊन स्वतःच सेटिंग बदलायला लागली (ऑपरेटर कधीही कंट्रोल परत घेऊ शकतो, हे बरंय). आपल्या मे महिन्यातल्या चिकचिकाटात तर हे हवंच ना? परवानगी देतानाच कूलिंगची वीज आणि पाणी दोन्हीचे आकडे जाहीर करायला लावा की.

– एक वाचक, ठाणे