‘अंधारातील अभिक्रिया’ अंधारात होत नाही

संपादक महोदय,

प्रकाशसंश्लेषणावरचा मजकूर पाठ्यपुस्तकातला असो वा विज्ञान पुरवणीतला, एक नाव हटकून भेटते: ‘अंधारातील अभिक्रिया’. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनण्याच्या टप्प्याला ते दिलेले असते. ते वाचून मुलांचा समज होतो की झाड दिवसा ऊर्जा गोळा करते आणि रात्री तिची साखर बनवते. हे नाव टाकून द्यायला हवे.

अमेरिकेतल्या बर्कलीत मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी क्लोरेला व सेनेडेस्मस या हिरव्या शैवलांना किरणोत्सारी कार्बन-१४ दिला. मोजक्या सेकंदांनी शैवल उकळत्या अल्कोहोलमध्ये सोडायचे, म्हणजे विकरे (अभिक्रिया घडवणारी प्रथिने) जागच्या जागी थांबतात. मग पेपर क्रोमॅटोग्राफीने पदार्थ वेगळे करायचे. दिवा मालवताच कार्बन स्थिर होताना पहिल्यांदा बनणारे फॉस्फोग्लिसरिक आम्ल साचू लागले आणि कार्बन डायऑक्साइड पकडणारे रिब्युलोज बिसफॉस्फेट झपाट्याने संपले. कारण उघड आहे: कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे प्रकाशाच्या ऊर्जेने बनणाऱ्या ऊर्जावाहक रेणूंपैकी ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच खर्च होतात, आणि हरितलवकात त्यांची शिल्लक फारच थोडी असते.

शिवाय अडचण फक्त इंधनाची नाही. उजेडात हरितलवकाच्या स्ट्रोमाचा (आतल्या द्रवाचा) सामू ७ च्या आसपासहून ८ कडे चढतो, मॅग्नेशियम वाढते आणि थायोरेडॉक्सिन हे प्रथिन या अभिक्रियांच्या चक्रातली काही विकरे चालू करते. अंधारात तीच विकरे बंद पडतात.

याचा बोलका पुरावा अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या एका उत्परिवर्तित वाणात मिळाला. साध्या हवेत ते रोप जगत नव्हते, कार्बन डायऑक्साइड भरपूर दिला की वाढत होते. त्याचे रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड रिब्युलोज बिसफॉस्फेटला जोडणारे विकर, पानातून काढून तपासले तर ठणठणीत. पानात मात्र ते उजेडातही जागे होत नव्हते. त्यातूनच रुबिस्कोला जागे करणारे प्रथिन, रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज सापडले, आणि ते चालते एटीपीवर.

क्लॅमिडोमोनास हे शैवल बाहेरून दिलेल्या कार्बनी अन्नावर, म्हणजे अ‍ॅसिटेटवर अंधारातही वाढते, म्हणून प्रकाशसंश्लेषण बिघडलेले वाण त्यात जिवंत ठेवता येतात. अतिनील किरण दिलेल्या पेशी अ‍ॅसिटेटच्या आगारवर (जेलीसारख्या थरावर) मंद उजेडात वाढवायच्या, मग त्याच वसाहतींचा ठसा अ‍ॅसिटेट नसलेल्या आगारवर घेऊन उजेडात ठेवायचा. तिथे न वाढणारी वसाहत संशयित. पहिली ताटली प्रखर उजेडात ठेवली तर हवे तेच वाण मरतात. अशाच एका वाणात रिब्युलोज बिसफॉस्फेट बनवणारे विकर, फॉस्फोरिब्युलोकायनेज, नव्हते: प्रकाशाने होणारे इलेक्ट्रॉनवहन शाबूत, तरी कार्बन स्थिर होईना.

निवडुंगाचा दाखला कोणी देईल. तो रात्री रंध्रे उघडून मॅलिक आम्ल साठवतो हे खरे, पण त्या आम्लातला कार्बन साखरेत जातो तो दिवसाच.

‘कार्बन स्थिरीकरण’ किंवा ‘कॅल्विन-बेन्सन चक्र’ ही नावे मराठीत रुळलेली आहेत. पुरवणीत आणि पाठ्यपुस्तकात तीच छापावीत, ही विनंती.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक अध्यापक