रेक्सहॅमहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "क्रिप्स म्हणजे बेचाळीसचे तेच ना?" तेच, सर स्टॅफर्ड. आपल्याकडे त्यांचं नाव १९४२ च्या फसलेल्या क्रिप्स योजनेपुरतंच घेतलं जातं. इथे वेल्समध्ये, रेक्सहॅमशेजारच्या ग्रेसफर्डला मात्र मला वेगळेच क्रिप्स कळले. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

२२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे तिथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. २६६ माणसं गेली. मृतदेह मिळाले अवघे अकरा. बाकीचे आत असतानाच तो भाग कायमचा बंद केला. शनिवारची फुटबॉलची मॅच चुकू नये म्हणून कित्येकांनी पाळी बदलून घेतली होती. हे वाचल्यावर मला पुढे वाचवेना.

चौकशीत मालकांकडून वकील होते हार्टली शॉक्रॉस. कामगारांकडून उभे राहिले क्रिप्स, एक पैसाही फी न घेता. पेटंटच्या खटल्यांत नाव काढलेले, १९२७ मध्येच किंग्ज काउन्सेल, म्हणजे तिथले ज्येष्ठ वकील, झालेले, आणि मूळचं शिक्षण रसायनशास्त्राचं. हवा किती खेळते, वायू कुठे साचतो, हे त्यांच्याइतकं कोणत्या वकिलाला समजलं असतं? स्फोटाआधी कित्येक आठवडे खाणीतली हवा मोजलीच नव्हती आणि नोंदी मागाहून रचल्या होत्या, हे उघड झालं. एवढं होऊन शेवटी झाला तो नोंदींबद्दलचा दंड. मला अजून राग येतो.

राजकारणात ते उशिराच आले. १९३० मध्ये सॉलिसिटर जनरल, म्हणजे सरकारचे कायदा अधिकारी, १९३१ मध्ये ब्रिस्टलमधून खासदार. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा मजूर पक्ष ५२ जागांवर आला, तरी यांची जागा टिकली. पुढे चेंबरलेन सरकारविरुद्ध सगळ्या विरोधकांनी एकत्र यावं असा हट्ट धरला, म्हणून जानेवारी १९३९ मध्ये पक्षाने त्यांना काढूनच टाकलं. डिसेंबरात ते वर्ध्याला गांधीजींना भेटले.

आई, तुझ्यासाठी एक: त्यांची बायको इझोबेल म्हणजे इनो काढणाऱ्या इनोसाहेबांची नात! आणि क्रिप्स स्वतः शाकाहारी, पोटाच्या दुखण्याने कायम बेजार.

बाबा, तुम्ही म्हणाल, श्रीमंताला फुकट लढणं परवडतं. खरं आहे. पण सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या फंडाच्या केसेस तुम्ही घेतल्यात, तेव्हा आपल्याला कुठे परवडत होतं? त्या फायली माळ्यावरच आहेत ना? आई, दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत देऊ नकोस. मी येतेय तेव्हा बाबांनी एकेक केस सांगायची, मी लिहून घेईन.

तुमची,
मनू