तक्रार: वाइन सहलीत क्वेव्री दिसली ती रिकामी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जॉर्जियातील तीन दिवसांच्या वाइन सहलीत कबूल केलेल्या गोष्टी न मिळाल्याबद्दल

महोदय,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं तुमच्या वाइन सहलीला होतो. माणशी ७२० लारी (जॉर्जियाचं चलन) बुकिंग करतानाच भरले. कार्यक्रमात तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: काखेती प्रांतातल्या घरगुती मारानीत (वाइन बनवायच्या जागेत) क्वेव्री नावाच्या रांजणातली वाइन, र्त्वेलीत म्हणजे द्राक्षतोडणीत सहभाग आणि तिसऱ्या दिवशी इमेरेती प्रांत. यातलं एकही झालं नाही.

तिबिलिसीहून गोंबोरी खिंडीतून तेलावीला जाताना घाट सुंदर होता, चालकही उत्तम. पण मारानी म्हणून आम्हाला उतरवलं तो चक्क कारखाना निघाला. स्टीलच्या उंच टाक्या, बाटल्या भरायचं यंत्र आणि बाहेर पडताना दुकान. फाटकाशी एक क्वेव्री होती खरी, पण आडवी टाकलेली, तोंडाशी फुलझाडं लावलेली. भरलेल्या क्वेव्री कुठे आहेत विचारल्यावर गाइड म्हणाला, "चवीला सगळं सारखंच."

सारखं कसं असेल? क्वेव्री म्हणजे जमिनीत तोंडापर्यंत पुरलेला मातीचा रांजण, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. काखेतीच्या पद्धतीत पांढऱ्या द्राक्षांचा रससुद्धा साली, बिया, देठांसकट त्यात पाच-सहा महिने मुरतो, म्हणून ती वाइन तांबूस-सोनेरी आणि कोऱ्या चहासारखी तुरट होते. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली; हे तुमच्याच माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. आम्हाला चाखायला मिळालेल्या पाचपैकी चार वाइन गोडसर होत्या. र्कात्सितेली या पांढऱ्या द्राक्षाची क्वेव्रीतली वाइन मागितली, तर दुकानातून बाटली विकत घ्या म्हणाले.

तोडणीबद्दल सांगण्यात आलं की हंगाम संपला. वाटेत द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या गाड्या आम्ही मोजायच्या सोडून दिल्या होत्या! त्याच संध्याकाळी तेलावीत आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी परसातली मारानी उघडली. त्यांच्या मुलाचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते, कारण सापेरावी द्राक्षाचा गरही लाल असतो आणि तो सकाळपासून तेच खुडत होता. झाकण सरकवल्यावर आत रस खदखदत होता, वर सालींचा जाड थर आलेला. बाईंनी लाकडी दांडा माझ्या हातात दिला. तो थर खाली ढकलताना मनगट भरून आलं, वाकल्यावर नाकात झिणझिण्या आल्या. शिवाय चोथ्यापासून काढलेल्या चाचा या कडक दारूचा एकेक पेला (नाव ऐकून हसू नका, प्यायल्यावर कोणी हसत नाही). पैसे घेतले नाहीत. तुम्ही ज्याचे पैसे घेतलेत, ते आमच्या खोलीपासून वीस पावलांवर होतं.

दुसऱ्या दिवसाबद्दल काही म्हणणं नाही. सिग्नागी आणि तिथून दिसणारं अलाझानीचं खोरं ठरल्याप्रमाणे झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निरोप आला: इमेरेती लांब पडते म्हणून रद्द. बुकिंग घेतलंत तेव्हाही ती तेवढीच लांब होती. तुमची सहल निवडली ती इमेरेतीसाठीच. तिथे क्वेव्रीला चुरी म्हणतात, साली फार थोड्या घालतात, त्यामुळे त्सित्स्का आणि त्सोलिकोउरी या द्राक्षांची वाइन हलकी लागते. काखेतीनंतर लगेच ती पिऊन फरक जिभेवर बघायचा होता. त्याऐवजी आम्हाला तिबिलिसीत एका मॉलसमोर सोडलं.

तरी तिसऱ्या दिवसाचे माणशी २४० याप्रमाणे दोघांचे ४८० लारी आणि पहिल्या दिवसाचे निम्मे, म्हणजे २४० लारी, असे एकूण ७२० लारी पंधरा दिवसांत परत करावेत. आणि जाहिरातीतला जमिनीतल्या क्वेव्रीचा फोटो काढून टाकावा. फाटकावरच्या क्वेव्रीचा मी काढलेला फोटो सोबत जोडला आहे, हवा तर तो वापरा.

आपली,
एक ग्राहक